स्टिरॉइड मलम कुठे, किती आणि किती दिवस लावावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि आसपासच्या तालुक्यांतून त्वचेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांमध्ये स्टिरॉइड मलमाविषयी दोन टोकांच्या सवयी दिसतात. ज्याला हातावरच्या इसबासाठी हे मलम खरोखर हवे असते, तो भीतीपोटी ते हरभऱ्याएवढे घेऊन चार दिवस लावतो आणि सोडून देतो. ज्याला जांघेत गजकर्ण झाले आहे, तो मात्र त्याच वर्गातले कितीतरी तीव्र औषध महिनोन्‌महिने चोळत राहतो, कारण त्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. पुढील उत्तरे या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. निदान मात्र त्वचा प्रत्यक्ष पाहूनच करावे लागते.

स्टिरॉइड मलम त्वचेवर नेमके काय काम करते?

आपल्या मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक तयार करतात. मलमातील औषधे याच संप्रेरकाच्या धर्तीवर बनवलेली असतात. १९५२ मध्ये सुल्झबर्गर आणि विटन या अमेरिकी डॉक्टरांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून इसबासारख्या आजारांत गुण येतो असे दाखवले आणि तेव्हापासून त्वचारोगांच्या उपचाराचे स्वरूपच बदलले. हे औषध पेशीत शिरते, दाह निर्माण करणाऱ्या प्रथिनांचे उत्पादन कमी करते, त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि तेथे जमलेल्या रोगप्रतिकारक पेशींना शांत करते. त्यामुळे लाली, सूज आणि खाज कमी होते. ते जंतू मारत नाही, बुरशी मारत नाही, खरजेचा किडाही मारत नाही. पुढची निम्मी उत्तरे या एका गोष्टीतूनच निघतात.

व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी काही जण घेतात ती स्टिरॉइडे वेगळ्या वर्गातील आहेत. त्यांचा या मलमांशी संबंध नाही.

कोणत्या आजारांत ते योग्य औषध ठरते?

इसब, स्पर्शामुळे उठणारे ॲलर्जीचे पुरळ, मर्यादित जागेवरचा सोरायसिस, लायकेन प्लॅनस (जांभळट, खाजणाऱ्या चपट्या पुटकुळ्यांचा आजार), वर्षानुवर्षे खाजवून जाड झालेली मानेची किंवा घोट्याची त्वचा आणि कोडाचे काही रुग्ण यांच्यासाठी योग्य ताकदीचे स्टिरॉइड मलम हा पहिल्या पसंतीच्या उपचारांपैकी एक आहे. त्याला घाबरून आजार अंगावर काढला, तर खाजवून झालेल्या जखमा, त्यांत होणारा जंतुसंसर्ग, रात्रीची उडालेली झोप आणि काळवंडलेली जाड त्वचा हे सगळे भोगावे लागते. ते मलमाच्या दुष्परिणामांपेक्षा सौम्य नसते.

आपल्या भागात स्पर्शजन्य पुरळाची कारणे बहुधा कामाशीच जोडलेली असतात. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या पट्ट्यात द्राक्षबागांवर फवारणी करणाऱ्यांच्या आणि घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणाऱ्यांच्या हातांवर, मनगटांवर व मानेवर पुरळ उठते. गवंड्याच्या हातांना सिमेंटमधील क्रोमेट बाधते. हळद किंवा बाजारी कुंकू यांचीही काहींना ॲलर्जी असते. बांधावर आणि पडीक रानात माजणारे गाजर गवत, ज्याला काँग्रेस गवतही म्हणतात, त्याचे बारीक कण वाऱ्याबरोबर उडतात आणि पापण्या, मान, कोपराच्या घड्या अशा उघड्या भागांवर हट्टी इसब निर्माण करतात. अशा रुग्णाला मलमाने आराम पडतो, परंतु कारण दूर झाले नाही तर पुरळ पुन्हा उठते आणि मग "मलमाची सवय लागली" असा उलटा निष्कर्ष काढला जातो. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, फवारणीनंतर लगेच अंघोळ आणि गाजर गवत स्वतः न उपटता दुसऱ्याकडून काढून घेणे, हा उपचाराचाच भाग आहे.

ते कुठे लावूच नये?

गजकर्ण, खरूज, मुरमे, नागीण, तोंडाभोवतालचे लालसर पुटकुळ्यांचे पुरळ आणि पू झालेली जखम यांवर आपल्या मनाने स्टिरॉइड मलम लावू नये. रंग उजळण्यासाठी तर कधीच लावू नये.

एका गोष्टीचा वेगळा उल्लेख केला पाहिजे. त्वचेवर फिकट किंवा तांबूस चट्टा असेल आणि तेथे स्पर्श, टोचणे किंवा गरम-गार कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. असा चट्टा खाजत नाही, दुखत नाही, म्हणून लोक त्यावर घरात असलेले कोणतेही मलम लावून वेळ घालवतात आणि तेवढ्या काळात नसांचे नुकसान होत राहते. कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची तपासणी होते आणि औषधे सरकारकडून मोफत मिळतात.

ट्यूबवर ०.०५ टक्के लिहिले आहे. म्हणजे औषध सौम्यच असणार ना?

नाही, आणि हा गैरसमज बराच महागात पडतो. टक्केवारीवरून फक्त एकाच औषधाच्या दोन ट्यूबांची तुलना करता येते. हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का हे सौम्य गटातील औषध आहे, तर क्लोबेटासॉल प्रोपिओनेट ०.०५ टक्के, म्हणजे आकड्याने त्याच्या विसाव्या हिश्शाएवढे असूनही, सर्वांत तीव्र गटात मोडते. ही ताकद मोजण्याची जुनी पद्धत १९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टॉटन यांनी मांडली: औषध त्वचेवर लावल्यावर रक्तवाहिन्या आकुंचित होऊन त्वचा किती फिकट पडते, हे पाहायचे.

ढोबळमानाने सांगायचे तर हायड्रोकॉर्टिसोन आणि डेसोनाइड सौम्य, क्लोबेटासोन ब्युटिरेट मध्यम, मोमेटासोन, फ्लुटिकासोन व बीटामेथासोन व्हॅलरेट तीव्र आणि क्लोबेटासॉल व हॅलोबेटासॉल अतितीव्र समजली जातात. मूळ औषध तेच असले तरी त्याला जोडलेला रासायनिक भाग, म्हणजे नावातला व्हॅलरेट किंवा ब्युटिरेटसारखा शब्द, बदलला की ताकद बदलते. त्यामुळे दुकानात "बीटामेथासोनची ट्यूब द्या" एवढे सांगणे पुरेसे नाही. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले पूर्ण नाव वाचावे किंवा घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्यावे. पुढे छापलेल्या कंपनीच्या नावावरून काहीच कळत नाही, कारण शेवटचे एक अक्षर बदलले की आतले औषधही बदललेले असू शकते.

हाताला दिलेले मलम चेहऱ्याला किंवा जांघेत का चालत नाही?

कारण त्वचेची जाडी सगळीकडे सारखी नसते. फेल्डमन आणि मायबाख यांनी १९६७ मध्ये हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या निरनिराळ्या भागांतून किती शोषले जाते हे मोजले. हाताच्या कोपर ते मनगट या भागातील शोषण १ धरले, तर तळपायातून ते ०.१४, कपाळातून ६, जबड्याच्या कोनातून १३ आणि अंडकोषाच्या त्वचेतून तब्बल ४२ पट आढळले. तळपायाच्या भेगाळ इसबाला क्लोबेटासॉल लागते आणि तेही कधीकधी अपुरे पडते. तेच औषध जांघेत लावले तर काही आठवड्यांतच त्वचेवर कायमचे पट्टे उमटू शकतात.

चेहरा, पापण्या, मान, काखा, स्तनांखालची घडी, जांघा आणि जननेंद्रिये येथे साधारणपणे सौम्य औषध आणि तेही थोडे दिवस, असा नियम आहे. पापण्यांवर तीव्र मलम दीर्घकाळ लावल्यास डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होण्याचा आणि मोतीबिंदू लवकर येण्याचा धोका असतो. मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळले किंवा घट्ट पट्टी बांधली तर शोषण कितीतरी पटींनी वाढते. काही आजारांत डॉक्टर हे मुद्दाम करायला सांगतात, पण घरच्या घरी करू नये. बाळाचा डायपर किंवा प्लास्टिकची चड्डी हेही एक झाकणच असते.

नेमके किती मलम घ्यायचे?

चिठ्ठीवर "पातळ थर लावा" एवढेच लिहिलेले असते आणि पातळ म्हणजे किती, हे प्रत्येक जण आपापल्या भीतीप्रमाणे ठरवतो. यासाठी १९९१ मध्ये ब्रिटनमधील लाँग आणि फिन्ले यांनी एक सोपे माप सुचवले. साधारण ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत जेवढी मलमाची सळी येते, तेवढे म्हणजे एक पेर. त्यात सुमारे अर्धा ग्रॅम मलम असते आणि ते मोठ्या माणसाच्या दोन तळव्यांएवढ्या, बोटांसह धरलेल्या जागेला पुरते.

मोठ्या माणसाच्या एका पंजाच्या दोन्ही बाजूंना एक पेर, पंजा सोडून एका हाताला तीन, चेहरा व मानेला अडीच, पाऊल सोडून एका पायाला सहा, एका पावलाला दोन आणि छाती-पोटाला व पाठीला प्रत्येकी सात पेरे लागतात. आता हिशेब करून पाहावा. दोन्ही पंजांवर इसब असेल तर दिवसाला दोन पेरे, म्हणजे १ ग्रॅम. दिवसातून एकदा दोन आठवडे लावायचे तर १४ ग्रॅम, म्हणजे १५ ग्रॅमची जवळजवळ एक ट्यूब संपायला हवी. अशा रुग्णाची ट्यूब दिवाळीला आणलेली उन्हाळ्यातही अर्धी शिल्लक असेल, तर औषध लागू पडले नाही असे म्हणण्याआधी ते पुरेसे लावले गेले का, हे पाहावे लागते. याउलट एका पायाला पावलासह आठ पेरे, म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम लागतात आणि १५ ग्रॅमची ट्यूब चार दिवसही पुरत नाही. एवढ्या मोठ्या भागावर आजार असेल तर मलमाबरोबर दुसरा काही उपचार हवा का, हा प्रश्न डॉक्टरांना अवश्य विचारावा.

लहान मुलांसाठीही माप मोठ्या माणसाच्याच पेराचे असते, पण पेरे कमी लागतात. एक ते दोन वर्षांच्या मुलाच्या एका पूर्ण हाताला पंजासह दीड पेर आणि एका पायाला पावलासह दोन पेरे पुरतात.

दिवसातून किती वेळा आणि किती दिवस लावायचे?

तीव्र मलमे बहुतेक इसबांत दिवसातून एकदा लावली तरी पुरतात, दोनदा लावून फारसा जास्त फायदा होत नाही. सकाळी रानात जाण्याच्या गडबडीपेक्षा रात्री अंघोळीनंतर लावणे अनेकांना सोयीचे जाते.

दिवसांचा हिशेब औषधाच्या ताकदीवर आणि जागेवर ठरतो. क्लोबेटासॉलसारखे अतितीव्र औषध सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, अशी स्पष्ट मर्यादा आहे. चेहऱ्यावरचे सौम्य मलम बहुधा पाच ते सात दिवसांत थांबवले जाते. अंगावरच्या इसबासाठी मात्र त्वचा पूर्ण शांत होईपर्यंत लावावे. दोन दिवसांत खाज थांबली म्हणून सोडले की आत उरलेला दाह आठवडाभरात पुन्हा वर येतो.

त्वचा शांत झाली हे डोळ्यांपेक्षा हाताने चांगले कळते. बोट फिरवल्यावर ती मऊ, सपाट लागली आणि खाज नसली की मलमाचे काम झाले. आपल्या सावळ्या त्वचेवर त्यानंतरही काळपट किंवा फिकट डाग राहतात आणि ते जायला काही महिने लागतात. ते डाग म्हणजे आजार नव्हे, आणि स्टिरॉइडने ते जातही नाहीत. तरीही डाग जावा म्हणून पुढे तीन-तीन महिने तेच मलम लावणारे रुग्ण नेहमी भेटतात, आणि टाळता येण्यासारखे बरेचसे नुकसान नेमके याच टप्प्यावर होते.

ज्यांचे इसब त्याच त्याच जागी वारंवार उठते, त्यांना डॉक्टर कधीकधी वेगळी पद्धत सांगतात. आधी रोज लावून त्वचा पूर्ण बरी करायची आणि मग काही महिने आठवड्यातले ठरलेले दोनच दिवस, उदाहरणार्थ शनिवार-रविवार, त्या जुन्या जागांवर लावत राहायचे. यामुळे पुन्हा उठण्याचे प्रमाण घटते आणि एकूण मलमही कमी लागते. ही पद्धत मनाने सुरू करण्याची नाही.

आधी मॉइश्चरायझर लावायचे की आधी मलम?

याचा फार काथ्याकूट करू नये. दोन्हींमध्ये वीस ते तीस मिनिटांचे अंतर ठेवले म्हणजे झाले, क्रम कोणताही चालतो. मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा, भरपूर आणि आजार नसतानाही लावावे. पेट्रोलियम जेली परवडते आणि चालते. अंघोळीचे पाणी कोमट असावे. बोअरच्या जड पाण्याने कोरडेपणा वाढत असेल तर साबण कमी करून अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावावे. पॅराफिन असलेली मलमे कपड्यांत मुरतात आणि असे कपडे पटकन पेट घेतात, म्हणून चुलीजवळ किंवा गॅसजवळ काम करणाऱ्यांनी कपडे वरचेवर धुवावेत व सावध राहावे.

ऑइंटमेंट, क्रीम आणि लोशन यांत फरक काय?

ऑइंटमेंट तेलकट असते, त्वचेवर झाकणासारखे बसते आणि तेच औषध क्रीमपेक्षा जास्त आत पोहोचवते. कोरड्या, जाड, भेगाळ जागी ते चांगले. लस वाहणाऱ्या जागी आणि त्वचेच्या घड्यांत क्रीम बरे. डोक्यासाठी आणि दाढीसाठी लोशन किंवा जेल. एप्रिल-मे महिन्यांत सांगलीच्या उकाड्यात ऑइंटमेंट चिकट वाटून रुग्ण ते सोडूनच देतात. तसे होत असेल तर क्रीम मागून घेणे अधिक शहाणपणाचे.

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने गजकर्णाची खाज लगेच थांबते. मग त्यात वाईट काय?

खाज थांबते ती आतल्या स्टिरॉइडमुळे, आणि अडचण तिथूनच सुरू होते. बाजारात अशी अनेक मलमे आहेत ज्यांत तीव्र स्टिरॉइड, बुरशीविरोधी औषध आणि एखादे प्रतिजैविक एकत्र असते. स्टिरॉइड त्वचेची प्रतिकारशक्ती दाबते, त्यामुळे लाली व खाज जाते, पण बुरशी निर्धास्तपणे पसरत राहते. मलम थांबवले की चार दिवसांत सगळे दुपटीने उठते, म्हणून पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. काही महिन्यांनी गजकर्णाची ओळखीची गोल कडा नाहीशी होते, चट्टे एकात एक मिसळतात, जांघेतून पोटापर्यंत व नितंबांपर्यंत जातात आणि हे गजकर्ण आहे की आणखी काही, हे डॉक्टरांनाही नुसते पाहून ओळखता येत नाही. अशा वेळी त्वचेचे खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. त्यातच ट्रायकोफायटन इंडोटिनी या, २०२० मध्ये स्वतंत्र प्रजाती म्हणून नाव मिळालेल्या, बुरशीवर टर्बिनाफिनसारखे नेहमीचे औषधही अनेकदा चालत नाही.

कायदा याबाबतीत गप्प नाही. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची १४ स्टिरॉइडे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या परिशिष्टात, म्हणजे शेड्यूल एचमध्ये घातली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंदी आलेल्या ३२८ मिश्र औषधांतही अशी काही मलमे होती. तरीही "गजकर्णावर काहीतरी द्या" म्हटल्यावर काउंटरवरून मिश्र ट्यूब हाती पडते. यात दोष एकट्या दुकानदाराचा नाही. डॉक्टरकडे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणार, असा हिशेब करणाऱ्या ऊसतोड मजुराला शे-दीडशे रुपयांत तात्पुरता आराम देणारी ट्यूब परवडते, आणि मग वर्षभर तेच चक्र चालते.

अशी ट्यूब लावत असाल तर ती बंद करावी आणि डॉक्टरांना दाखवताना रिकामे खोकेसुद्धा बरोबर न्यावे. त्यानंतर पहिले काही दिवस खाज व लाली वाढते. ते अपेक्षित आहे आणि त्या दिवसांत खाज कमी करणाऱ्या गोळ्या देता येतात. बुरशीविरोधी औषध सांगितलेले सगळे आठवडे घ्यावे, चट्टा दिसेनासा झाला म्हणून थांबवू नये. घरातील आणखी कोणाला खाज असेल तर त्याचाही उपचार एकाच वेळी व्हावा. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे असावेत, ते गरम पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळवावेत. पावसाळ्यात, विशेषतः २०१९ सारख्या कृष्णेच्या महापुरात जेव्हा कपडे दिवसेंदिवस ओले राहतात, तेव्हा ही शेवटची सूचना पाळणे सर्वांत अवघड असते. निदान चड्डी आणि कमरेचा करदोडा तरी कोरडा ठेवावा.

मुलीचे लग्न ठरले आहे. मैत्रिणीने दिलेल्या क्रीमने तिचा रंग आठ दिवसांत उजळला. चालू ठेवू का?

ठेवू नये. आठ दिवसांत चेहरा उजळवणाऱ्या क्रीममध्ये बहुधा हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचे मिश्रण असते. १९७५ मध्ये क्लिगमन आणि विलिस यांनी अशा मिश्रणाचा उपयोग वांगासाठी दाखवला होता, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली मर्यादित आठवडे ते आजही वापरले जाते. रोजची फेअरनेस क्रीम म्हणून वर्षभर लावण्यासाठी ते कधीच नव्हते.

सुरुवातीला त्वचा गुळगुळीत व उजळ दिसते. काही महिन्यांनी गाल लाल होतात, उन्हात गेले की आग होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरमे येतात, ओठांवर आणि गालांवर लव वाढते. क्रीम एक दिवस चुकली तरी चेहरा भडकतो, म्हणून ती सोडताच येत नाही. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा असे स्वतंत्र नावच दिले आहे. ब्रिटनच्या औषध नियंत्रक संस्थेनेही २०२१ मध्ये दीर्घकाळ वापरलेले स्टिरॉइड मलम बंद केल्यावर होणाऱ्या अशा प्रतिक्रियेबद्दल इशारा दिला होता.

यातून बाहेर पडता येते, पण काही आठवडे ते काही महिने लागतात. डॉक्टर कधी सौम्य स्टिरॉइडवर आणून हळूहळू थांबवतात, कधी थेट बंद करून टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइड नसलेले मलम व गोळ्या देतात. या काळात साधा मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि ओढणी किंवा स्कार्फ एवढेच चेहऱ्याला लागू द्यावे. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून याच दिवसांत फेशियल, ब्लीच करून घेतले की त्रास आणखी वाढतो. मुलीचा रंग हा आजार नाही, हे खरे तर घरातल्या मोठ्यांनी एकमेकांना सांगायला हवे.

त्वचा पातळ होते ती पुन्हा पूर्ववत होते का?

सुरुवातीच्या टप्प्यातील पातळपणा मलम थांबवल्यावर बराचसा भरून येतो. मुरमे, लव आणि फिकटपणाही बहुधा हळूहळू कमी होतात. जांघेत, काखेत किंवा मांड्यांवर एकदा उमटलेले पट्टे मात्र जात नाहीत, फक्त त्यांचा लाल रंग पांढरट होतो. योग्य ताकदीचे मलम योग्य जागी, ठरलेले दिवस लावणाऱ्या रुग्णात हे दुष्परिणाम सहसा दिसत नाहीत.

औषध रक्तात जाते का? मधुमेह असेल तर?

थोडे जाते. तीव्र मलम मोठ्या भागावर दीर्घकाळ लावले तर शरीराच्या स्वतःच्या कॉर्टिसोलचे उत्पादन मंदावू शकते, चेहरा गोल होणे, वजन आणि रक्तदाब वाढणे, साखर चढणे हेही होऊ शकते. हातापायांवरच्या मर्यादित चट्ट्यासाठी ही काळजी करण्याचे कारण नाही. मधुमेह असलेल्यांनी जास्त प्रमाणात तीव्र मलम लावावे लागत असेल तर त्या काळात साखर तपासत राहावे.

लहान मुलांना आणि गरोदरपणात ते चालते का?

चालते, पण मोजून. मुलांच्या शरीराच्या वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे औषध त्यांच्या अंगात तुलनेने जास्त शोषले जाते. म्हणून त्यांना शक्यतो सौम्य किंवा मध्यम मलम दिले जाते आणि उंची-वजनावर लक्ष ठेवले जाते. डायपरच्या जागी उठलेल्या लालीवर मोठ्यांसाठी आणलेली मिश्र ट्यूब लावणे, हा घरोघरी आढळणारा आणि नक्की टाळण्यासारखा प्रकार आहे.

गरोदरपणात सौम्य व मध्यम मलमे सुरक्षित मानली जातात. संपूर्ण गरोदरपणात ३०० ग्रॅमपेक्षा जास्त तीव्र मलम वापरलेल्या स्त्रियांत बाळाचे वजन कमी असण्याशी संबंध आढळला आहे, म्हणून तेवढे लागत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांनाही कळवावे. स्तनाग्रावर लावले असेल तर पाजण्यापूर्वी पुसून स्वच्छ धुवावे.

आयुर्वेदिक म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमात स्टिरॉइड नसते ना?

घटक, उत्पादक आणि बॅच क्रमांक छापलेला नसलेल्या डबीत काय आहे, हे कोणालाच सांगता येणार नाही. बाजारच्या दिवशी विकत घेतलेल्या अशा मलमाने वर्षानुवर्षांचे इसब दोन दिवसांत गेले आणि थांबवताच दुपटीने आले, तर त्यात तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असण्याची दाट शंका घ्यावी.

मलम लावूनही गुण येत नसेल तर काय समजावे?

प्रथम प्रमाण आणि नियमितपणा पाहावा. तो ठीक असेल तर निदान चुकले असण्याची, त्यात बुरशी किंवा जंतूंचा संसर्ग मिसळला असण्याची, ॲलर्जीचे कारण अजून सुटले नसण्याची, किंवा क्वचित त्या मलमाचीच ॲलर्जी झाली असण्याची शक्यता असते. दोन आठवड्यांत फरक नसेल तर तीच ट्यूब पुन्हा आणण्याऐवजी दाखवून घ्यावे. खाजगी तपासणी परवडत नसेल तर सांगलीच्या पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे.

ताबडतोब कधी दाखवावे?

इसबाच्या जागी एकाएकी दुखणारे, एकसारखे, मध्ये खड्डा पडलेले फोड येऊन ताप आला तर तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लहान मूल असेल तर रात्र काढू नये. संपूर्ण अंग लाल होऊन सालपटे निघू लागणे, सोरायसिसवर मोठ्या भागाला लावत असलेले तीव्र मलम अचानक बंद केल्यावर पुवाच्या पुटकुळ्या उठणे, किंवा पापण्यांवर मलम लावत असताना डोळा दुखून अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तरी थांबून पाहू नये.

उरलेल्या ट्यूबचे काय करावे?

झाकण घट्ट लावून थंड, कोरड्या जागी ठेवावी, मात्र तिच्यावर कोणासाठी, कोणत्या जागेसाठी आणि कोणत्या तारखेला दिली हे पेनाने लिहावे. मुदत संपली की टाकून द्यावी. शेजारणीला सारखेच पुरळ उठले आहे म्हणून ती ट्यूब तिला देऊ नये.